मागच्या खोलीचा कागद

आमच्या प्रताप नगरात बायकांची भिशी आहे. पैशांची नाही, पुस्तकांची. दर महिन्याला चिठ्ठी निघते. जिची निघेल तिच्या घरी जमायचं आणि तिनं सांगितलेली कादंबरी सगळ्यांनी वाचून यायची. निम्म्या जणी मागचं पान तेवढं वाचून येतात आणि बोलतात मात्र त्याच जास्त. मी सावनेरच्या सरकारी शाळेत जन्मभर मराठी शिकवलं, मला हे सहन होत नाही आणि मी ते तोंडावर सांगते. तरी मला भिशीतून काढलेलं नाही, कारण चिवडा मी बरा करते.

चारेक वर्षांपूर्वी आम्हाला परदेशी गेलेल्या माणसांच्या कादंबऱ्यांचं वेडच लागलं होतं. नवीन लिहिणारे बरेच जण तेच लिहीत होते. घरदार सोडून गेलेली कुटुंबं, वर्णावरून मिळणारी वागणूक, भाड्यानं घर न देणारे लोक. बहुतेकींची मुलं तिकडेच, त्यामुळे त्या कादंबऱ्या आम्ही घरचं पत्र आल्यासारख्या वाचायचो. माझा मुलगा तेव्हा नुकताच जर्मनीला गेला होता आणि त्याला खोली मिळेना. फोनवर नाव सांगितलं की समोरचा म्हणे, आत्ताच गेली. मी भिशीत टेबलावर हात आपटला. "नुसतं नाव ऐकून खोली नाही म्हणतात! लाज कशी वाटत नाही वं यांना?" सगळ्यांनी माना डोलावल्या. शेवटी एका म्हाताऱ्या बाईनं त्याला खोली दिली, वर पत्त्याच्या कागदावर सहीसुद्धा केली. त्या एका कागदावर त्याचं बँकेचं खातं, विमा, सगळं झालं. मी त्या बाईला पार्सलनं चिवडा पाठवला आणि इकडे महिनाभर तिचं कौतुक सांगत फिरले.

आमच्या मागच्या खोलीत तेव्हा एक कुटुंब राहत होतं. आजही राहतं. नवरा-बायको आणि एक मुलगी, छत्तीसगढचे. तो बांधकामावर सेंट्रिंगचं काम करतो, ती आमच्याकडे आणि शेजारच्या दोन घरी धुणीभांडी. भाडं नावापुरतं. मी स्वतःला फार उदार समजायची. तिला चहा आमच्याच कपात देते, हे मी आल्यागेल्याला सांगायचीसुद्धा. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

मुलगी सहा वर्षांची झाली तेव्हाची गोष्ट. सकाळी भांडी घासून झाल्यावर तिची आई पदराला हात पुसत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आमच्या गल्लीच्या टोकाला इंग्रजी शाळा आहे. तिथे गरिबांच्या मुलांसाठी काही जागा असतात. फॉर्म भरायचा, नंबर लागला की फी नाही. पण पत्त्याचा पुरावा लागतो आणि भाडेकरूला नोंदवलेला करार लागतो.

"बाई, तुमी फक्त सही करून द्या. ऑफिसातली धावपळ आमचा माणूस करते."

"सरकारी शाळेत काय वाईट आहे? तिथेच घाल ना," मी म्हटलं. मी, जिनं सरकारी शाळेत शिकवलं आणि स्वतःचा मुलगा इंग्रजी शाळेत घातला!

"वाईट नाही बाई. पण पोरगी रोज त्या शाळेच्या फाटकापाशी जाऊन उभी राहते. मले वाटते, एक डाव नंबर लावून पाहावा."

मी "बघते" म्हणाले. दर दोन दिवसांनी ती विचारायची, "बाई, पाहिलं का?" आणि मी दर वेळी नवीन काहीतरी सांगायची. आज यांना वेळ नाही, उद्या वकील गावाला गेलाय. रात्री जेवताना आमचे हे म्हणाले, "कागद दिला की खोली गेली समज. हे लोक एकदा बसले की उठत नाहीत." मला ते ताबडतोब पटलं. खरं सांगू? त्यांनी म्हणायच्या आधीपासून ते माझ्याच मनात होतं. त्यांच्या तोंडून निघालं म्हणून मला हायसं वाटलं, एवढंच.

शेवटी मी तिला सांगितलं की करारासाठी घराची कागदपत्रं लागतात आणि ती बँकेत अडकली आहेत. धादांत खोटं. कागदपत्रं माझ्या कपाटात साड्यांच्या खाली होती. फॉर्मची तारीख निघून गेली. त्या जागा फक्त पहिलीच्या वर्गाला असतात, पुढच्या वर्षी पुन्हा भरता येत नाही. मुलगी महापालिकेच्या मराठी शाळेत गेली. तिच्या आईनं तो विषय पुन्हा कधीच काढला नाही. कामात खाडा नाही, बोलण्यात फरक नाही. भांडली असती तर मीही चार शब्द ऐकवले असते आणि मोकळी झाले असते.

मग मी काय केलं? कथा लिहिली. हसू नका. निवृत्त मराठीच्या बाईला दुसरं काय येतं? परमुलखातून आलेली बाई, तिची मुलगी, शाळेचं फाटक, मागची खोली, सगळं जसंच्या तसं उचललं. मुलीच्या केसातली लाल रिबिनसुद्धा सोडली नाही. घरमालकीण म्हणून मात्र मी स्वतःला घेतलं नाही. ती घेतली जर्मनीतली आणि तिला सुती पातळ नेसवलं. ती दीड पान घुटमळते आणि मग सही करते. पुढे दोनेक वर्षांनी एका दिवाळी अंकात ती कथा छापून आली. भिशीत वाचून दाखवली तेव्हा दोघींनी डोळे पुसले. समोरच्या घरातली म्हणाली, "छानच आहे वं. पण असं खरंच कोणी करते का?"

"कथा आहे ना ती," मी म्हटलं आणि घाईघाईनं चिवड्याची ताटली पुढे सरकवली.

मुलगी आता चौथीत आहे. वाचायला बसली की उठत नाही. हाताला लागेल ते वाचते, तेही शाळेत कविता म्हणतात तसं खड्या आवाजात. मीच तिला म्हटलं होतं, टीपॉयवरचे जुने अंक ने. परवा दुपारी तिची आई मागच्या नळावर भांडी घासत होती आणि ही पायरीवर बसून वाचत होती. मी आत वाटाणे सोलत होते. चार ओळी ऐकल्या आणि माझा हात थांबला. माझीच कथा.

उठावं, अंक काढून घ्यावा, असं फार वाटलं. पण कोणत्या तोंडानं? लाज वाटत होतीच, त्याहून जास्त भीती वाटत होती. ती पान उलटत गेली. फाटक आलं, रिबिन आली, दीड पानाचं घुटमळणं आलं. नळ मध्येच बंद झाला. मग सही आली, मुलगी शाळेत गेली, कथा संपली.

"माय, हे मीच हाये का वं?" मुलीनं विचारलं. "फाटक तेच हाये. रिबिनबी माहीच हाये."

तिच्या आईनं नळ सुरू केला. कढई पाण्याखाली धरली.

"नाही वं," ती म्हणाली. "ते दुसरी कोणी हाये. तिच्या बाईनं सही केली."