टायरमामांनी न म्हटलेलं वाक्य

आजवर हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. टायरमामांनी जे कधी म्हटलंच नव्हतं, ते मी त्यांच्या नावावर खपवलं आणि त्याचा दोष त्यांनी शेवटपर्यंत स्वतःच्या अंगावर घेतला.

मामांच्या वर्कशॉपमध्ये गाडी आली की ते आधी माणसाकडे पाहतच नसत. गुडघा टेकायचे, पुढच्या टायरवर तळवा ठेवायचे, खाचांतून अंगठा फिरवायचे आणि मगच वर बघून म्हणायचे, "ये. कॉफी घेणार?" तंजावुरातल्या आम्हा मराठी मंडळींत त्यांना विचारल्याशिवाय कुणी गाडी घेत नसे. जावई एक वेळ मामांना न दाखवता ठरायचा, गाडी नाही.

मी तेव्हा एका शोरूममध्ये विक्रीला नवा होतो. आमच्याकडे एक छोटी गाडी दोन प्रकारांत आली होती: एक साधी, दुसरी चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी. पाठ केलेलं सगळं मी मामांना ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सरी दा, ठीक आहे, गोपू. ही गाडी जाणार कुठं?"

"घर, शाळा, देऊळ, बाजार."

"यातलं डोंगरावर कुठलं? आपल्याकडे चढ म्हणजे रेल्वेचा पूल."

मी वाद घातला तेव्हा त्यांनी मला शेतांमधल्या मातीच्या रस्त्यावर नेलं. आदल्या दिवशीच पाऊस झाला होता. चिखलात थांबवलेली गाडी चारी चाकांच्या जोरावर सहज बाहेर निघाली आणि मी ऐटीत त्यांच्याकडे पाहिलं. "छान," मामा म्हणाले, "आता जोरात जा आणि ब्रेक मार." मारला. गाडी घसरत घसरत बांधाला जाऊन टेकली. पलीकडची म्हैस रवंथ थांबवून आमच्याकडे बघत राहिली. मग त्यांनी साधी गाडी आणायला लावली. तीही तेवढीच घसरली.

"ओढायला अस्की चाकं आली," मामा म्हणाले. अस्की म्हणजे आमच्या बोलीत सगळी. "पण थांबवायला नवं कोण आलं? ब्रेक साध्या गाडीलाही चारी चाकांना असतात. वळणावर धरतो तो टायर. टायर चांगले घाला आणि हळू जा, संपलं."

हट्टी मात्र ते नव्हते. कोडैकानलच्या वरच्या अंगाला कॉफीच्या मळ्यात नोकरी करणाऱ्या एकाला त्यांनी हीच चारी चाकांची गाडी घ्यायला लावली. "त्याला रोज चिखलातून चढायचंय. सपाटीवरच्यांनी कशाला जास्तीचं वजन वाहायचं? पेट्रोल जास्त, दुरुस्ती जास्त, आणि एक टायर गेला की चारी बदलायची वेळ." आज इतक्या वर्षांच्या अनुभवानंतरही यातला एक शब्द मला बदलावासा वाटत नाही.

आणि तरीही मी तो बदलला. सुलोचना टीचर तिरुवैयारुहून रोज तंजावुरच्या शाळेत यायच्या. आमच्यापैकीच. पहिलीच गाडी घेत होत्या. त्यांच्यासाठी मामा शोरूममध्ये आले, दोन्ही गाड्यांच्या टायरांवर हात ठेवून झाला, आणि ओरत्तनाडुला लग्नाला जायची घाई होती म्हणून निरोप माझ्याकडे देऊन गेले: "टीचरना साधी घ्यायला सांग."

संध्याकाळी टीचर आल्या. "मामा काय म्हणाले रे?"

चारी चाकांची ती गाडी चार महिने आवारात उभी होती आणि मॅनेजर रोज सकाळी माझ्याकडे बोट दाखवायचा. मी म्हणालो, "मामा म्हणाले, हीच घ्या. पावसात कुठंही धरून ठेवते."

दिवाळीच्या सुमाराच्या पावसात टीचर कालव्याकाठच्या वळणावर नेहमीच्या वेगाने वळल्या. गाडी घसरून कालव्यात गेली. जीव वाचला, उजवा खांदा मोडला. तो हात पुन्हा पुरता वर गेला नाही. फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच त्या लिहू लागल्या.

गळ्यात हात अडकवून त्या वर्कशॉपमध्ये आल्या तेव्हा मी तिथंच होतो. "मामा, तुम्ही म्हणालात म्हणून घेतली. धरून ठेवते म्हणालात म्हणून निर्धास्त होते मी."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"चुकलं, टीचर," मामा म्हणाले.

त्या गेल्यावर त्यांनी हात पुसले. "आज ती रडत होती, आज तुझं नाव सांगून काय करू? उद्या तू स्वतः जा. तुझ्या तोंडून ऐकू दे." मी हो म्हणालो. आठवड्याने त्यांनी विचारलं, "गेलास?" मी म्हणालो, "जातो." त्यानंतर त्यांनी कधीच विचारलं नाही. रागावलेही नाहीत, कॉफी पूर्वीसारखीच मिळायची. रागावले असते तर कदाचित मी गेलो असतो.

लोक मात्र मामांना विचारायचं थांबले. "वय झालं, आता समजत नाही त्यांना," असं माझ्यासमोर म्हणायचे आणि मी मान हलवायचो. पुढे ते मुलीकडे कोयमुत्तूरला गेले. गेल्या वर्षी तिथंच वारले.

आता माझं स्वतःचं जुन्या गाड्यांचं दुकान आहे. छोट्या गाडीला चारी चाकांचा जोर हवा का, असं कुणी विचारलं की मी ठामपणे सांगतो: आपल्या सपाट मुलखात नको, टायर चांगले घाला. लोक म्हणतात, गोपूअण्णा खरं तेच सांगतो.

माझी आई मिरजेची, म्हणून मला हे असं लिहिता येतं. टीचरना मराठी बोलता येतं, पण देवनागरी वाचता येत नाही. इथल्या बहुतेकांना येत नाही. लिहायला बसलो तेव्हाही मला हे ठाऊक होतं. म्हणजे हे लिहिणं त्यांना सांगणं नव्हे.

त्या अजून तिरुवैयारुलाच राहतात, माझ्या दुकानापासून अर्ध्या तासावर. मामांनी साधी गाडी घ्यायला सांगितली होती, उलटं मी सांगितलं: एवढं त्यांच्या दारात उभं राहून, तोंडाने सांगण्याचं देणं मी अजून लागतो.