सहाव्या पावलाची हाक

ज्याला कोणीही काहीही विकू शकतं आणि तरीही जो कधीच फसत नाही, असा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला आणि माझं नशीब असं की तो माझा व्याही निघाला. मी देवळ्याहून नाशकात आलो तेव्हा पंचवटीत हातगाडीवर भाजी विकत होतो. आज बाजार समितीत माझा स्वतःचा गाळा आहे. हे सगळं मी जिभेच्या जोरावर मिळवलं. मी मेथीच्या जुडीलाही घासाघीस करतो आणि घासाघीस झाली नाही तर मला जेवण गोड लागत नाही. व्याहीबुवा निवृत्त चित्रकला शिक्षक. गंगापूर रोडचा प्लॉट त्यांनी समोरच्याने पहिल्यांदा बोललेल्या भावात विकला. वर त्याला चहा पाजला. हे ऐकलं त्या दिवशी मला ताप आला होता.

त्या पैशांतून हा गृहस्थ जगभरचे ज्वालामुखी चढत फिरतो. इटलीतला झाला, जपानमधला झाला. माणसं म्हातारपणी काशीला जातात, हे धूर निघणाऱ्या डोंगरावर नारळ घेऊन जातात. "अहो, आपला अख्खा सह्याद्री म्हणजे निवलेला लाव्हाच आहे," ते म्हणतात. "सात पिढ्या निवलेल्या चुलीपाशी बसलो. एकदा पेटलेली बघायला नको?" डोंगर उतरले की ते गावच्या बाजारात शिरतात. वस्तू हातात घेऊन पहिला प्रश्न "केवढ्याला?" असा नाही, "करायला किती दिवस लागले?" असा विचारतात. मग सांगितलेली किंमत देतात आणि वर त्या कारागिराचं पेन्सिलने चित्र काढून तेही त्यालाच देतात. त्यांच्या दिवाणखान्यात मुखवटे, टोपल्या आणि मडकी इतकी झालीत की पाहुण्याला बसायचं असेल तर आधी कुणाला तरी उचलून खाली ठेवावं लागतं.

आमचं बिनसलं ते मुलांच्या लग्नात. बँडवाल्याला मी तीन बैठकांत खाली आणला होता. या महात्म्याने भर मांडवात त्याने मूळ मागितलेली रक्कम त्याच्या हातात ठेवली आणि वर शाल पांघरली. बँडवाल्याने माझ्याकडे बघून जे सनईचे सूर काढले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पुढे दोन वर्षं आम्ही एकमेकांशी लेकीमार्फत बोललो. तिला सातवा महिना लागला तेव्हा तिने जावा बेटाची दोन तिकिटं माझ्यापुढे टाकली. "अण्णा, बाबांबरोबर जायचं. बोलत परत यायचं. नाहीतर बारशाला तुमच्या पंगती वेगळ्या मांडीन, आणि कुणी विचारलं तर कारणही सांगेन." ती माझीच लेक. बोलली तर करणार.

पहिले तीन दिवस मी दात आवळून काढले. चौथ्या दिवशी आम्ही कापडाच्या बाजारात गेलो. एक म्हातारी नळीतून गरम मेण सोडत कापडावर वेलबुट्टी काढत होती. तिच्या मागे टांगलेलं एक निळं कापड मला बघताक्षणी आवडलं. पाळण्याला हेच लावायचं, मी ठरवून टाकलं. भाषा नव्हती, कॅल्क्युलेटर होता. तिने आकडा दाबला, मी त्याच्या निम्मा दाबला. ती हसली, मी हसलो नाही. शेवटी मी माझं हुकमी हत्यार काढलं. पाठ फिरवून चालायला लागायचं. पंचवटी असो की परदेश, सहाव्या पावलाला हाक येतेच. एक, दोन, तीन... सहा झाली. सात झाली. हाक येईना. दहाव्या पावलाला मी मान वळवली. व्याहीबुवा म्हातारीने सांगितलेले पैसे देऊन तिच्याशेजारी चहा पीत होते आणि वहीत तिचं नाक काढत होते.

"तुम्हाला अक्कल आहे का हो?" मी भर बाजारात ओरडलो.

"बावीस दिवस लागले तिला," ते शांतपणे म्हणाले. "बोटांवर मोजून दाखवलं. घ्या, पाळण्याला छान दिसेल."

"ठेवा तुमच्याजवळच!"

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपमध्ये आम्ही दोघं दोन खिडक्यांतून बाहेर बघत होतो. डोंगराच्या पायऱ्या चढून काठावर आलो तर खाली ज्वालामुखीच्या तोंडातून नुसता पांढरा धूर आणि त्याच्या पोटात गुरगुर. व्याहीबुवांनी नाशकाहून आणलेला नारळ आत सोडला, हात जोडले आणि म्हणाले, "पुढे काठाने चालू या का? थोडंच."

"मला नाय यायचं तुमच्याबरोबर कुठंच!" रागात माझी देवळ्याची भाषा बाहेर येते. "लय झालं तुमचं दानशूरपण! बारशाला पंगत वेगळीच बरी!"

आणि मी पाठ फिरवून उलट्या बाजूला चालू लागलो. मनात मोजत होतो. हाक येणार, मी थांबणार नाही, मग ते माफी मागणार. सहा पावलं झाली. हाक नाही. बारा झाली. तेवढ्यात वारा फिरला आणि धुराचा लोट अंगावर आला. गंधकाने घसा सोलून निघाला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. वाट हातभर रुंद. एका बाजूला उकळतं तोंड, दुसऱ्या बाजूला राखेचा उतार, आणि कुठली बाजू कुठे ते दिसेना. पायाखालची राख सरकली तसा मी मटकन खाली बसलो. त्या क्षणी मला बँडवाला आठवला नाही. लेकीचं सात महिन्यांचं पोट आठवलं. हाक मारायला तोंड उघडलं तर खोकलाच आला.

मागूनही कुणीतरी खोकलं. अगदी जवळून. वळून बघतो तर व्याहीबुवा. ओला रुमाल नाकाला, आणि दुसऱ्या मुठीत माझ्या सॅकचा लोंबणारा पट्टा घट्ट धरलेला. पहिल्या पावलापासून.

"हाक का नाही मारली?" मी कसंबसं विचारलं.

"मारली असती तर तुम्ही आणखी पुढे गेला असता," ते म्हणाले. "तुमची रीत मी काल पाहिली की." मग ओला रुमाल माझ्या नाकाला लावून म्हणाले, "बसून राहा. वारा फिरेल."

वारा फिरला. आम्ही खाली आलो. पायथ्याशी घोडेवाल्याने त्यांना आकडा सांगितला आणि ते खिशात हात घालणार तोच मी त्यांचं मनगट धरलं. पाठ फिरवून चालू लागलो, त्यांना ओढत. सहाव्या पावलाला हाक आली. व्याहीबुवा लहान पोरासारखे खुदकन हसले. आणि घोड्यावर बसल्यावर मी कमी करून घेतलेले पैसे त्या बदमाशाला गुपचूप देऊन टाकले. मी पाहिलं. मान दुसरीकडे वळवली. बारशाला निळं कापड पाळण्याला होतं आणि आम्ही शेजारी शेजारी जेवलो.

राग अजून गेलेला नाही. बँडचा तर नाहीच. पण यंदा त्यांच्या छातीचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी डोंगर बंद केले. आता रविवारी सकाळी आम्ही पांडवलेणीला जातो. पायऱ्या सुरू होतात तिथे थांबून ते म्हणतात, "तुम्ही व्हा पुढे. मी आपला इथे बसतो." मी पाठ फिरवून निघतो. पाच-सहा पायऱ्या चढतो. हाक येत नाही, ती यायचीही नसते. मग मीच खाली उतरतो, "चला, दहा पायऱ्या. परवडत असेल तर बघा," म्हणतो. ते वाटाघाट न करता उठतात आणि एकेका पायरीवर दम घेत पुढे चालतात. मी मागे असतो. त्यांच्या खांद्यावरच्या वहीच्या झोळीचा बंद माझ्या मुठीत असतो. त्यांना ते कळत नसावं, असं मी धरून चालतो.