उन्हात बंद केलेली दारं

हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले त्या हिवाळ्यात, एका शनिवारी भर दुपारी, नारायणगुड्यातल्या मास्तरांनी मधमाश्यांच्या पेट्यांची दारं बंद केली. चार पेट्या लॉरीत चढल्या. एक अंगणात राहिली.

माश्या पाळणारा माणूस असं करत नाही. दिवसा निम्म्या माश्या बाहेर असतात. अंधार पडून सगळ्या घरी आल्या की दाराला जाळी लावायची, मगच पेटी हलवायची. हे मास्तरांनी गल्लीतल्या प्रत्येकाला निदान एकदा तरी ऐकवलं होतं.

तुमच्या ओळखीतही असा एखादा असेल, जो माणसांपेक्षा जनावरांशी अदबीने वागतो. पेटीचं झाकण उचलण्याआधी मास्तर बोटाने दोनदा टकटक करत आणि म्हणत, "आहिस्ता, आहिस्ता. हमीच हैं." घरात, गल्लीत ते मराठीच बोलत, माश्यांशी मात्र दखनी. कारण विचारलं तर म्हणत, "हैदराबादच्या आहेत. त्यांना कळेल ते बोलावं."

ते सरकारी शाळेत शास्त्र शिकवत. जन्म गौलीगुड्यातला. पहिलं सातेरी जातीच्या माश्यांचं पोळं त्यांनी एका पडक्या विहिरीच्या कपारीतून स्वतः उतरून आणलं होतं; बाकीच्या पेट्या त्याच वंशाच्या. मध काढला की समोरच्याला तळहात पुढे करायला लावून त्यावर एक थेंब ठेवत.

"चिंचेच्या फुलोऱ्याचा आहे. मागून आंबट लागला?"

"नाही, मास्तर."

"मग नीट चाखला नाही. धरा हात."

पुनर्रचनेत मराठी नोकरांची वाटणी मुंबई राज्याकडे झाली. मास्तरांना नांदेडची शाळा मिळाली. "मुंबई मी पाहिलेली नाही, आणि झालो मुंबईचा नोकर," एवढंच ते माझ्याजवळ बोलले. मी तेव्हा एका वर्तमानपत्रात होतो आणि समोरच्या घरात राहत होतो.

आंध्रची राजधानी कुर्नूलहून हैदराबादला आली, तिच्याबरोबर तिथले अधिकारी आले. मास्तरांचं भाड्याचं घर त्यांच्यापैकी एकाला मिळालं. मास्तर त्या माणसाशी बोलत नसत.

लॉरी संध्याकाळी येणार होती. ती दुपारीच आली. त्याच वेळी कुर्नूलकरांचं सामानही दारात उतरत होतं. अधिकाऱ्याची म्हातारी आई अंगणात ट्रंकेवर बसली होती. माश्या तिच्या डोक्यावरून ये-जा करत होत्या.

"मास्टरसाब, चलना है तो अब्बी चलो," ड्रायव्हर म्हणाला. "मेरेकू और भी भाडे हैं."

"मियाँ, सूरज तो डूबने दो. आधे मक्ख्याँ बाहरिच हैं."

"तो उनकू बोलो, पैदल आ जाव."

मास्तरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, आतून भांड्यांची पोती ओढत होत्या. "माझ्या जात्याला लॉरीत जागा नाही," त्या म्हणाल्या, "आणि यांच्या माश्यांना उशीर झालेला चालत नाही."

दुसरी लॉरी ठरवायला वेळ नव्हता. सोमवारी नांदेडला हजर व्हायचं होतं. मास्तर पेट्यांसमोर उभे राहिले. पाचही नेल्या, तर बाहेर गेलेल्या माश्या परतून रिकाम्या जागेवर घिरट्या घालत मरणार होत्या. त्यांना वाचवायला एक पेटी उघडी ठेवणं भाग होतं. मकरंदाचं ओझं घेऊन आलेल्या माशीला परक्या पेटीतही सहसा कुणी अडवत नाही. पण पेटी ठेवायची, तर ती त्याच माणसाच्या अंगणात.

त्यांनी विहिरीतल्या वंशाची जुनी पेटी मध्यभागी सरकवली. उरलेल्या चारांना जाळ्या ठोकल्या, वरून ओली पोती टाकली. मग अधिकाऱ्याला टाळून म्हातारीपाशी गेले आणि मोडक्या तेलुगूत म्हणाले, "अम्मा, ही इथं राहू दे. मी परत येऊन नेईन."

"आई, त्या चावतात," मुलगा तेलुगूत म्हणाला.

म्हातारीने पेटीकडे पाहिलं. "उंडनी," ती म्हणाली. राहू दे.

मास्तरांनी तिला तिथंच उभ्या उभ्या शिकवलं: टकटक करून काय म्हणायचं, मध तळहातावर घेऊन कसा चाखायचा, दिवसा पेटी का हलवायची नाही, कुणालाही हलवू का द्यायची नाही. पाचवी जाळी त्यांनी तिच्या हातात दिली. ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. लॉरी गेल्यावर माश्या येऊ लागल्या. मोकळ्या जागांवर बराच वेळ फिरल्या, मग एकेक करून मधल्या पेटीत शिरल्या.

वाटेत लॉरी उन्हात थांबत गेली. पोती वाळली. नांदेडला झाकणं उघडली तेव्हा आतलं मेण मऊ होऊन पोळी खचली होती. उरल्यासुरल्या माश्या काही दिवसांत पेट्या सोडून उडून गेल्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मास्तर एकटेच आले. पेटीवर टाकायला काखेत घडी घातलेलं पोतं होतं. त्यांच्याबरोबर मी त्या अंगणात गेलो. पेटी जागेवर होती. वर नारळाच्या झावळ्यांची सावली केलेली, पायांखाली मुंग्या चढू नयेत म्हणून पाण्याच्या वाट्या.

"नांदेडच्या गेल्या सगळ्या," मास्तर म्हणाले. "एवढीच राहिली. न्यायला आलोय."

अधिकारी म्हणाला, "हां, हां. लेके जाइए."

मास्तरांनी जाळीसाठी हात पुढे केला. म्हातारी पेटीच्या आणि त्यांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"आगंडी, मास्टरगारू." थांबा. तिने आकाशाकडे बोट दाखवलं. अजून ऊन होतं. माश्या बाहेर होत्या.

मास्तर पायरीवर बसले. म्हातारीने आत जाऊन वाटी आणली, त्यांना तळहात पुढे करायला लावला आणि त्यावर मधाचा थेंब ठेवला. त्यांनी तो चाखला.

दिवस मावळला. शेवटच्या माश्या आत गेल्या. म्हातारी उठली, बोटाने झाकणावर दोनदा टकटक केली आणि म्हणाली, "आहिस्ता, आहिस्ता. हमीच हैं." तिला येत असलेली दखनी एवढीच. मग तिने जाळी मास्तरांच्या हातात दिली.

मास्तरांनी पेटीला कान लावला. बराच वेळ तसेच वाकून राहिले. सरळ झाले, तेव्हा पेटीचं दार तसंच उघडं ठेवून त्यांनी जाळी झाकणावर ठेवली.

काचीगुड्याहून त्याच रात्री नांदेडची गाडी होती. मी फलाटावर होतो. मास्तर डब्यात चढले. पोतं काखेत होतं, तसंच, घडी न मोडलेलं.