नाल्यावरचा माझा पूल

हा पूल मी बांधला. गावात आता काही शहाणे त्याला जुना सरकारी पूल म्हणतात. सरकारनं त्यात एक खडा टाकलेला नाही. मी दुसरीपर्यंत शिकलो, पण एवढं लिहून ठेवण्यापुरती अक्षरं मला येतात.

तेव्हा आमचा जिल्हा मध्यप्रदेशात होता. माझं घर नाल्याच्या अलीकडे, वावर पलीकडे. पावसाळ्यापासून पार संक्रांतीपर्यंत नाल्यात गाळ. कापसाची बैलबंडी त्यात घातली की आसापर्यंत रुतायची. बंडी जाईल असा टणक उतार एकच, आणि वाटणीत तो चुलतभावाकडे गेला. त्यानं तिथं बाभळीचे काटे टाकले आणि गावभर सांगत फिरला, "रस्ता बंद नाई केला म्या. एकदा तोंडानं म्हनावं, दादा, जाऊ दे मले. मंग खुशाल जाजो."

आमचा आजा ज्या वाटेनं गेला ती वाट मी मागायची? मागितली नाही. हिंगणघाटच्या भंगारातून रुळाचे दोन तुकडे आणले. दोन्ही काठांना काळा दगड चुन्यात बसवला, वर रूळ टाकले, रुळांवर बाभळीच्या फळ्या. पाणी निथळावं, लाकूड कुजू नये, म्हणून फळ्याफळ्यांत बोटभर फट ठेवली.

काम चालू असताना तालुक्याचा एक ओव्हरसियर आला. काठावरूनच म्हणाला, "नकाशा कुठे आहे?"

मी म्हटलं, "खाली उतरा साहेब, दाखवतो."

तो उतरला नाही. बुटाला गाळ लागला असता. पहिल्या पुरात जाईल, असं भविष्य सांगून माझ्याच घरचा चहा पिऊन गेला. शिकलेला माणूस मी तेव्हापासून ओळखतो.

दिवाळीनंतर कापसाचा पहिला वेचा निघाला. पूल पुरा व्हायच्या आधीच रिकामी बंडी सडकेच्या फेऱ्यानं वावरात नेऊन ठेवली होती, ती भरली. काठावर अर्धा गाव जमला. यांना घरी कामं नसतातच. माझा उजवा बैल पोळ्याला तोरणाखाली सगळ्यांच्या पुढे राहणारा, मानाचा. त्यानं पुलावर एक खूर ठेवला, मान खाली घालून हुंगलं आणि मागं सरकला. पुन्हा हाकलला, पुन्हा मागं. डावा तर जवळच येईना. लोक पोटं धरून हसले. चुलतभाऊ माझ्या मागंच उभा होता.

"बैलाले अक्कल आहे लेका," तो म्हणाला. "त्याले समजते, दादाले इचारल्याबिगर जाऊ नये."

मी बंडी सोडली आणि बैल बांधले. कापूस तिथंच. मागं वळून पाहावं, तेवढी त्याची लायकी नव्हती.

बायको शिदोरी घेऊन आली होती. ती पुलावर उकिडवी बसली आणि फळ्यांमधून खाली पाहत राहिली.

"अजी, बैल पुलाले नाई भेऊन राह्यला," ती म्हणाली. "त्याले फटीतून खालचं पानी दिसते. गोठ्यावानी जमीन करून द्या ना त्याले."

"माह्या मनात तेच होतं," मी म्हटलं.

ती म्हणाली, "असंन."

तीन दिवस खपलो. घरच्या सरपणातल्या पऱ्हाट्या, कापसाच्या वाळक्या काड्या, फळ्यांवर आडव्या अंथरल्या, त्यावर मुरूम, वर माती घालून चोपली. तिनं वरून शेणानं सारवलं. चौथ्या दिवशी बैल गोठ्यात शिरावे तसे पार झाले. तेव्हा काठावर कोणी नव्हतं. फजितीला गर्दी, कामाला सुतक. आणि आठ दिवसांनी त्याच हसणाऱ्यांच्या बंड्या माझ्या पुलावरून जाऊ लागल्या. कोणी विचारलं नाही. एकानं तर मुरूम कमी पडला म्हणून मलाच बोल लावला.

पुढच्या पावसाळ्यात मोठा पूर आला. पूल राहिला. चुलतभावाचा उतार मात्र वाहून गेला, तिथं पुरुषभर खड्डा पडला. दिवाळीनंतर तो कापसानं भरलेली बंडी घेऊन पुलाच्या तोंडाशी आला. मी तिथं मुरूम टाकत होतो. त्यानं कासरा ओढला.

"रस्ता बंद नाई दादा," मी म्हटलं. "एकदा तोंडानं म्हन."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, पुलाकडे पाहिलं. मग बंडी वळवली आणि तीन कोसांचा फेरा घेऊन सडकेनं गेला. पुढं मरेपर्यंत तसाच गेला.

त्या गावात माणूस म्हणावा असा तोच एक होता. आणि तोही माझ्याच आज्याचा नातू.