कणकेच्या सात गोळ्या

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरीला नाही, देवाला तर नाहीच. देवापुढे उभा राहिलो की मी पटकन डोळे मिटतो, धंद्याचं मागतो आणि निघतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर सांगितलं असतं का? — नसतं.

एका माशाची गोष्ट आहे. बोटाएवढ्या माशाची. हसू नका. म्हणजे सुरुवातीला हसा हवं तर, मीही तशीच सांगत आलोय चारचौघांत — ‘आमच्या सासूबाईंनी कणीक खाऊ घालून मासा मारला’ अशी. लोक हसतात. मीही हसतो. आता ते हसू आठवलं की तोंडात आंबट पाणी येतं.

परभणीत माझं बॅटरी आणि इन्व्हर्टरचं दुकान आहे. कंपनीनं एकदा आम्हा दुकानदारांना गोव्याला नेलं होतं. हॉटेलात खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी होती, आत समुद्रातले मासे. सगळे समुद्रावर गेले आणि मी टाकीपुढे बसलो. हे आपल्या घरी पाहिजे — बस्स, डोक्यात बसलं. मित्र म्हणाले, “अरे, इथं प्यायचं पाणी आठ दिवसाला यायलंय आन् तू घरात समुद्र आणायलास?” बनी तो बनी, नहीं तो परभणी! आणली टाकी, तीन फुटी. पाण्यात घालायचं समुद्री मीठ पार्सलनं मागवलं. दगड आले, वाळू आली, थर्माकोलच्या डब्यात मासे आले. वीज गेली तर इन्व्हर्टर घरचाच.

दोन रंगीत मासे पहिल्याच उन्हाळ्यात गेले. उरला तो ब्लेनी. हा काही बघण्यासारखा मासा नाही. मातकट रंग, अंगावर ठिपके, डोळ्यांवर भुवयांसारखे दोन तुरे. काचेवरचं शेवाळ खरवडून खातो म्हणून तो आणला होता. पण बसायचा मोठ्या ऐटीत — सगळ्यात उंच दगडावर, पुढचे पंख कोपरासारखे टेकवून, एक डोळा इकडे आणि एक तिकडे फिरवत. मामींनी त्याचं नाव ठेवलं पाटील. “पारावर बसल्यावाणी बसतंय बघा,” म्हणाल्या होत्या.

मामी म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे वारले, बायको एकुलती एक, म्हणून चुडाव्याचं घर बंद करून त्या आमच्याकडे राहायला आल्या. जावयाच्या घरात राहणं त्यांना किती जड जात होतं हे दिसायचं. मी हॉलमध्ये आलो की उठायच्या, पदर सारखा करायच्या, आत जायच्या. वर्षभरात माझ्याशी दहा वाक्यं बोलल्या असतील. पाटलाशी मात्र दुपारभर बोलायच्या. पावसाचं, सोयाबीनचं, कुणाच्या सुनेचं. आणि तोही दगडावर बसून ऐकायचा — म्हणजे काचेपाशी येऊन बसायचा, एवढं खरं.

गावाकडे दर एकादशीला त्या गंगेत, म्हणजे आमच्या गोदावरीत, माशांना कणकेच्या गोळ्या टाकायच्या. गोळीगणिक रामाचं नाव. इथे गंगा कुठली? त्यांनी माझ्या पोरीकरवी मला विचारलं, हरभऱ्याएवढी एक गोळी पाटलाला टाकली तर चालेल का. मी म्हणालो, “चालेल की. एखादी.” हे लक्षात ठेवा. परवानगी मी दिली होती, आणि पोरगी समोर उभी होती.

पाटील ती गोळी तोंडात घ्यायचा आणि थुंकून टाकायचा. मामी पदराआड हसायच्या.

आता माझं सांगतो. मला त्यांचा त्रास व्हायला लागला होता. काय त्रास? सांगायलाही लाज वाटते — मला घरात शर्ट घालून बसावं लागायचं. एवढंच. पंधरा वर्षं मी दुकानातून आलो की बनियनवर पंख्याखाली पाय पसरून बसायचो. त्या आल्यापासून ते बंद झालं. त्या कधी काही बोलल्या नाहीत. मीच आतल्या आत धुसफुसत राहिलो. म्हाताऱ्या बाईच्या असण्याचा राग यायला माणसाला एवढंसं कारण पुरतं.

एप्रिलचा महिना होता. बायको आणि पोरगी लग्नाला जिंतूरला गेल्या होत्या, मामी शेजारच्या गल्लीत पोथी ऐकायला. मी जेवायला घरी आलो. आपल्याकडच्या उन्हात टाकीतलं पाणी भराभर उडतं. मीठ मागे राहतं, म्हणून वरून साधं शुद्ध पाणी घालावं लागतं. ते मी दुकानातूनच आणायचो. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर — पाच लिटरचे पांढरे कॅन, निळ्या झाकणाचे. बॅटरीचं ॲसिडही तसल्याच कॅनमध्ये येतं. फक्त झाकण लाल. दोन दिवसांपूर्वी एका ॲसिडच्या कॅनचं झाकण फुटलं म्हणून मीच त्याला निळं झाकण लावून ठेवलं होतं.

वीस वर्षं हा धंदा करणाऱ्याला कॅन उचलला की वजनावरून कळतं. मला कळलं नाही, कारण माझ्या दुसऱ्या हातात मोबाइल होता. मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकायला मी व्हिडिओ काढत होतो — ‘मराठवाड्यातला समुद्र’. स्वतःच्याच आवाजात माहिती देत देत मी अर्धा कॅन ओतला.

दगड फसफसले. ग्लासात इनो टाकावा तसे. वाळूतून बुडबुडे उठले, पाणी पांढरं झालं. आणि पाटील उडाला. पाण्याबाहेर, काचेच्या कोपऱ्यावर जाऊन चिकटला, तोंड उघडमीट करत. बदलायला म्हणून तयार केलेल्या खाऱ्या पाण्याचा ड्रम चार पावलांवर होता. हात घालून त्याला उचललं असतं, त्यात सोडलं असतं, तर? वाचला असता की नाही, मला माहीत नाही. मला माहीत नाही, कारण मी उचललं नाही. ॲसिडची भीती होती हे खरं, पण त्याहून खरं सांगतो — मला त्याला हात लावायची किळस आली. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर पांढरा होऊन सुटत होता. मी आधी मोबाइल नीट टेबलावर ठेवला. मग बघत उभा राहिलो. तो घसरून परत पाण्यात पडला आणि उलटा झाला.

इथपर्यंत चूक होती. चूक कुणाकडूनही होते, नाही का? तेव्हाच ‘माझ्या हातून झालं’ म्हणालो असतो तर बायको दोन दिवस बोलली असती, पोरगी रडली असती, विषय संपला असता. पण बॅटरीवाल्यानं माशात ॲसिड ओतलं ही गोष्ट बाजारात कळली असती. लोक मला ‘ॲसिड’ म्हणून हाक मारायला लागले असते. बाजार असाच असतो, मीही कितीजणांना नावं ठेवलीत. मी व्हिडिओ पुसला. पाणी पाइपनं मोरीत सोडलं, दगड धुतले, ड्रममधलं पाणी भरलं. मेलेला मासा चमच्यानं उचलून वाळूवर ठेवला. हात धुतले, आणि जेवलो. हो, जेवलो. मग कुलूप लावून दुकानात गेलो, म्हणजे घरी पहिल्या मामी येतील.

संध्याकाळी परत आलो तर हॉलमध्ये दिवा लावलेला नव्हता. मामी टाकीपुढे जमिनीवर बसल्या होत्या. मला बघून या वेळी उठल्या नाहीत. म्हणाल्या, “जावईबापू, पाटील उठंना झालाय.”

मी टाकीत वाकून बघितल्यासारखं केलं. वाळूवर माशाशेजारी कणकेच्या गोळ्या होत्या. सात. मी आरोप केला नाही. नुसतं विचारलं — “मामी, किती गोळ्या टाकल्या होत्या?” आणि वर हळू आवाजात, समजूतदारपणे, “कणीक पाण्यात कुजते ना.”

“म्या एकच टाकली व्हती,” त्या म्हणाल्या. “एकादशीला. हरबऱ्यायेवढी.” मग त्यांनी काचेला नाक लावून गोळ्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. “एकच टाकली व्हती वो... का इसरले मी?”

पाहुणीसारखी शंका त्यांच्या तोंडावर आली. मी तिला बसायला पाट दिला. म्हणालो, “वय झालं की होतं असं, मामी.”

तेवढ्यात जिंतूरहून दोघी आल्या. पोरीनं सगळं ऐकलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “पप्पा, तुम्हीच हो म्हणला होतात.” मी म्हणालो, “एखादी म्हणालो होतो. सात नाही.” ती माझ्याकडे बघत राहिली.

त्यानंतर मामी बदलल्या. बीपीची गोळी घेतली की डबी पोरीला दाखवायच्या — घेतली ना गं मी? चहा झाला तरी तीनदा उठून गॅस बघायच्या. मीठ घातलं की नाही म्हणून भाजी पुन्हा पुन्हा चाखायच्या. एकदा शेजारणीला म्हणत होत्या, “डोस्क्याचा भरोसा न्हाई राह्यला बाई.” ज्या बाईला गल्लीतल्या पंधरा पोरांच्या जन्मतिथी पाठ होत्या, तिच्या डोक्याचा भरोसा मी काढून घेतला होता. बायको म्हणाली, डॉक्टरला दाखवू या. मी म्हणालो, दाखवू. दाखवलं. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे, वयाच्या मानानं उत्तम आहे. तरी मामींना पटेना. आणि मला — मला त्या निकालानं वैताग आला. आता काय वाटतं? थुंकावंसं वाटतं. पण थुंकणार कुणावर?

महिन्याभरात त्यांनी पिशवी भरली. म्हणाल्या, उद्या गॅस चालू राहिला तर लेकराबाळांचं घर आहे. माझं काय व्हायचं ते माझ्या घरात होऊ द्या. बायको रडली. मी एकदाच ‘राहा की’ म्हणालो, नको तेवढ्या हळू. पॅसेंजरला बसवून दिलं, पाण्याची बाटली घेऊन दिली, गाडी हलली तेव्हा हातही केला. घरी येऊन शर्ट काढला आणि बनियनवर पंख्याखाली बसलो. बरं वाटलं.

एक गोष्ट मघाशी मी पुन्हा चोरली. तुमच्यापासूनही. ‘वाळूवर गोळ्या होत्या’ म्हणालो ना? कशा होत्या? एकादशी होऊन सहा दिवस झाले होते, आणि टाकी तर मी त्याच दुपारी धुतली होती. गोळ्या मी केल्या होत्या. जेवण झाल्यावर. कणकेचा डबा फ्रीजमध्ये होता. मी उभ्याउभ्या गोळ्या वळल्या, मामी वळायच्या तशाच, हरभऱ्याएवढ्या, आणि एकेक करून पाण्यात सोडल्या. सातच का? कणीक चिमटीत तेवढीच आली होती.

मामी आजही चुडाव्याला एकट्या राहतात. दाराला कुलूप लावलं की चार वेळा ओढून बघतात, आणि अर्ध्या वाटेवरून परत येऊन पुन्हा बघतात. गावातली पोरं आता त्याची नक्कल करतात.

त्या गेल्यावर पुढच्या वर्षी अधिक महिना आला. लेक-जावयाला वाण द्यायला त्यांनी आम्हाला बोलावलं. ओसरीवर पाट मांडला, मला बसवलं, समोर पितळेची परात. ताटात अनारसे. ते त्यांनी तीनदा मोजले, तरी पोरीला म्हणाल्या, “तू मोज गं, तेहतीस हायेत का. माह्यावर भरोसा न्हाई.” पोरीनं मोजले. तेहतीसच होते.

अनारशांच्या शेजारी दिवा असतो, तसा होता. आणि दिव्याशेजारी एक चांदीचा मासा. बोटाएवढा.

मामी खाली बसल्या. माझा उजवा पाय परातीत घेतला, कोमट पाणी घातलं आणि पाय चोळत, वर न बघता, माझ्याशी आयुष्यात कधी बोलल्या नव्हत्या एवढं बोलल्या. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर द्यावं लागतं, तुम्हाला तर माहीतच आहे. माशाचं काय द्यावं ते त्यांनी गावातल्या गुरुजींना विचारलं. सासरे गेल्यावर पायातून काढलेली जोडवी त्यांनी जपून ठेवली होती. ती पूर्णेच्या सोनाराकडे मोडून हा मासा करून घेतला. “तुमच्या दारचा जीव गेला माह्या हातून,” त्या म्हणाल्या. “किती टाकल्या ते बी ध्यानात न्हाई मला. एवढं घ्या, जावईबापू. मला मोकळं करा.”

बायकोनं डोळ्याला पदर लावला. पोरगी माझ्याकडे बघत होती. एकच वाक्य होतं — गोळ्या माझ्या होत्या, मामी. चार शब्द. जिभेवर आले होते, मला त्यांची चव आठवते.

मामींनी उजवा पाय पदरानं पुसला, पाटावर ठेवला आणि वाट बघत वर बघितलं.

मी डावा पाय परातीत ठेवला.