सांगितलं होतं की तुम्हाला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, विहारातल्या मंडळींना नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आधी माझं काम सांगतो — त्याचा संबंध आहे. चाकणच्या एका कंपनीत मी एक्स्पोर्टची कागदपत्रं बघतो. गाड्यांचे सुटे भाग परदेशी जातात, त्यांच्याबरोबर जाणारा एकेक कागद माझ्या हाताखालून जातो. तारीख चुकली, स्पेलिंग चुकलं, की मी लाल पेनाने गोल करतो. बावीस वर्षं हेच. माझ्या हातून गेलेल्या कागदात चूक निघत नाही असं ऑफिसात म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, ते ऐकायला मला आवडतं. अजूनही आवडतं.

वहिनी म्हणजे माझ्या चुलत भावाच्या पत्नी. बीडकडच्या गावातून आयटीआय करायला मी आलो तेव्हा चिखलीच्या त्यांच्या दोन खोल्यांत तीन वर्षं राहिलो. दादा कंपनीत, वहिनी एका दवाखान्यात आया. शिकल्या चौथीपर्यंत, पण डोकं असं की वॉर्डातल्या वीस पेशंटच्या गोळ्यांच्या वेळा तोंडपाठ. गल्लीत कुणाचं बाळ कोणत्या वारी जन्मलं, कुणाला कोणतं इंजेक्शन सोसत नाही — लोक वहिनींना विचारायचे. विहारात वंदना त्याच म्हणायच्या. लांबलचक पाली सुत्तं, हातात पुस्तक नाही, डोळे मिटलेले. शब्द इकडचा तिकडे व्हायचा नाही. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि त्यांच्याकडे अभिमान बाळगण्यासारखं तेवढंच होतं.

दादा रिटायर झाले तेव्हा दोघांनी पासपोर्ट काढले. श्रीलंकेत अनुराधपूरला जाऊन बोधिवृक्ष बघायचा, असं ठरलं होतं. दादा त्याच वर्षी गेले. दोन्ही पासपोर्ट कपाटात, एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत राहिले. एकही शिक्का नाही.

चार वर्षांपूर्वी विहारातून श्रीलंकेची सहल निघाली. अकरा जण. कागदपत्रं कुणाकडे? अर्थात माझ्याकडे. एका रविवारी मी विहारात उभं राहून सगळ्यांना समजावलं — हातातल्या बॅगेत पाण्याची बाटली नको, तेल शंभर मिलीच्या वर नको, कात्री नको, इमिग्रेशनवाल्याने विचारलं तर 'फिरायला चाललोय' एवढंच सांगायचं, येताना रोप किंवा बी आणायचं नाही, कस्टमवाले काढून घेतात. आणि छाती फुगवून म्हणालो, पासपोर्टच्या तारखांचं डोकं तुम्ही लावू नका, झेरॉक्स द्या, ते मी बघतो.

वहिनींनी ती सगळी यादी एकदा ऐकून पाठ केली. पुढचे पंधरा दिवस त्या बाकीच्या बायकांना ती म्हणून दाखवत होत्या. हे लक्षात ठेवा. मला ते विसरता येत नाही.

झेरॉक्स मी घरी तपासल्या. वहिनींच्या पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेनंतर चारच महिन्यांत संपत होती. सहा महिने शिल्लक लागतात. तशी घाबरण्यासारखी गोष्ट नव्हती — निघायला पाच आठवडे होते, तात्काळमध्ये नवा पासपोर्ट सहज आला असता. मी सवयीने तारखेभोवती लाल गोल केला. उद्या फोन करू म्हटलं. दुसऱ्या दिवशी कंपनीचा माल बंदरात अडकला आणि दिवसभर फोन कानाला. तिसऱ्या दिवशी — तिसऱ्या दिवशी काय होतं? काहीच नव्हतं. मी विसरलो. एजंटने यादी मागितली तेव्हा अकरा नावांपुढे टिक करून पाठवली. तिकडची ऑनलाइन परवानगीही अकरा जणांची आली. मग आठवण तरी कशाने व्हावी?

इथपर्यंतचं कुणीही माफ केलं असतं. वहिनींनी तर नक्कीच. म्हणून मी हे इतक्या सविस्तर सांगतोय — खरं जे आहे ते अजून यायचंय आणि माझं पाऊल उचलत नाही.

मुंबईच्या विमानतळावर, भर दुपारी. सगळ्या बायका पांढऱ्या साड्यांत. काउंटरवरच्या मुलीने वहिनींचा पासपोर्ट उलटसुलट केला, स्क्रीनकडे बघितलं, कुणा साहेबाला बोलावलं. मग म्हणाली, यांना जाता येणार नाही. मुदत कमी आहे. मी हातापाया पडलो. नाही म्हणजे नाही. आमच्याबरोबर विहाराचे अध्यक्ष होते, निवृत्त मास्तर. त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "हे तपासलं कुणी होतं?"

दहा माणसं माझ्याकडे बघत होती. लाल गोल केलेली झेरॉक्स माझ्या खांद्याच्या बॅगेत होती. आणि मी वहिनींकडे वळून, वर जरा वैतागून, म्हणालो —

"वहिनी, सांगितलं होतं की तुम्हाला!"

मी सांगितलं नव्हतं. फोन नाही, निरोप नाही, काही नाही.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट 'नाही' होतं. मी ते पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं असतं तर मी काय केलं असतं, माहीत नाही. पण मग त्यांची नजर माझ्यावरून सुटली आणि त्या आठवायला लागल्या. कपाळाला आठ्या घालून, ओठ हलवत, मनातल्या मनात मागचे दिवस चाळायला लागल्या. जी गोष्ट घडलीच नव्हती ती स्वतःत शोधत होत्या, आणि मी समोर उभा राहून ते होऊ दिलं.

"सांगितलं असंल भाऊजी," त्या शेवटी म्हणाल्या. "माझ्याच ध्यानात ऱ्हायलं नसंल."

पटलं सगळ्यांना. का पटू नये? एकीकडे तेव्हाच अठरा वर्षं कागद तपासत आलेला माणूस, दुसरीकडे अडुसष्ट वर्षांची म्हातारी. पूर्ण यादी पाठ असलेली बाई स्वतःच्या पासपोर्टचं कशी विसरेल, हे एकाच्याही मनात आलं नाही. कुणीतरी हळहळलं, वय झालं हो आता.

निघताना त्यांनी पिशवीतून दादांचा पासपोर्ट काढून माझ्यापुढे धरला. झाडाखाली क्षणभर ठेवा म्हणाल्या. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, दुसऱ्याचा पासपोर्ट जवळ सापडला तर इमिग्रेशनला शंभर प्रश्न विचारतात. त्यांनी लगेच परत ठेवला. नियम मला कळतात ना. तेरा सीटच्या ज्या गाडीने आम्ही आलो, त्याच गाडीतून त्या एकट्या चिखलीला परत गेल्या. त्यांच्या मुलाला, मिलिंदला, फोन करून मीच कळवलं. "आईंना सांगितलं होतं रे, विसरल्या." दुसऱ्यांदा बोलताना जीभ अडखळलीही नाही.

मी बोधिवृक्ष पाहिला. डोळ्यांत पाणी आलं, लोकांना वाटलं श्रद्धेने. परतताना कस्टमच्या हिरव्या रांगेतून आलो — ज्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, त्यांची रांग ती. कुणी अडवलं नाही.

तेवढ्यावर संपलं असतं तर एक हुकलेली सहल म्हणून सोडून दिलं असतं. पण आईची आठवण कमी झालीय हे मिलिंदच्या डोक्यात बसलं. दूध कुणाच्या घरी उतू जात नाही? वहिनींच्या घरीही चाळीस वर्षं अधूनमधून जायचं. आता गेलं की ते लक्षण ठरायला लागलं. किल्ली सापडेना, लक्षण. नातवाला चुकून मुलाच्या नावाने हाक मारली, लक्षण. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहे. डॉक्टरांवर कुणी विश्वास ठेवला नाही, माझ्यावर ठेवला होता. वर्षाच्या आत चिखलीच्या खोल्यांना कुलूप लागलं आणि मिलिंदने त्यांना रावेतच्या फ्लॅटवर नेलं. तिथे त्यांना गॅसजवळ जाऊ देत नसत. एकटं खाली उतरू देत नसत. प्रेमानेच हो सगळं. त्या पोराची काही चूक नाही.

आणि त्यांनीही ते मान्य केलं, हेच मला बघवत नव्हतं. विहारात आल्या की पुस्तक उघडून, ओळीवर बोट ठेवून वंदना म्हणायच्या. एकदाही चुकल्या नाहीत, तरी बोट काढायच्या नाहीत. पुढे म्हणणंच सोडलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "चुकलं तर काय करू, भाऊजी? माझ्या संगट लोकं बी म्हणतेत." मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. एका वाक्याचं काम होतं. मी पाणी प्यायलो आणि उठलो.

अशा संधी किती आल्या? दर दिवाळीला, दर पौर्णिमेला, मी रावेतला जायचो तेव्हा प्रत्येक वेळी. जिना चढताना ठरवायचो, आज. त्या दार उघडून आनंदाने म्हणायच्या, या भाऊजी. मग चहा व्हायचा. रिकामा कप माझ्यापुढे असताना विचारायच्या, चहा दिला का मी तुम्हाला?

गेल्या हिवाळ्यात वहिनी गेल्या. झोपेत, हृदय थांबून. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मिलिंदने मला आतल्या खोलीत नेलं आणि एक शंभर पानी वही दाखवली. आईची, म्हणाला, सगळं लिहून ठेवायची बघा काका. मोठ्या, चौथीतल्या अक्षरांत पानंच्या पानं. दूध तापवलं. गोळी घेतली. दार लावलं. नातवाचं नाव, खाली पुन्हा नातवाचं नाव.

मी पहिलं पान उलटून पाहिलं. विमानतळावरून परत आल्या त्या दिवसाची तारीख होती.

'भाऊजींनी पासपोर्टचं सांगितलं होतं. मी विसरले. आजपासून सगळं लिहायचं.'

मिलिंद माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, वहिनी फार व्यवस्थित होत्या. त्याने मान हलवली, वही बंद केली, आणि आम्ही जेवायला बाहेर गेलो.

ती झेरॉक्स अजून माझ्याकडे आहे. लाल गोल जराही फिका झालेला नाही. वहिनी काहीही विसरल्या नव्हत्या. विसरलो होतो मी, आणि ते मला त्याच क्षणी माहीत होतं.