का केलंस ते लिही

आमच्या टायपिंगच्या बाईंचा खोडरबरावर भारी राग. रत्नागिरीत खालच्या आळीत त्यांचा क्लास होता. अक्षर खोडलेलं दिसलं की पान थेट टोपलीत. "चूक झाली ती झाली, मेल्या, लपवतोस कशाला? नवा कागद घे." शिकून मी जयगडला बंदरावर कॉम्प्युटर सांभाळायला लागलो, तरी त्या आवाजाची धास्ती काही गेली नाही.

पुढे टाइपरायटर गेले आणि बाईंनी क्लासातल्या जुन्या कॉम्प्युटरांवर विंडोजऐवजी लिनक्स घातलं. ते फुकट मिळायचं, आणि बाई कुणाच्या मिंध्या राहणाऱ्यांतल्या नव्हत्या. पण त्यात टाइपरायटरच्या कळांप्रमाणे मराठी उमटेना. कुणा परदेशी माणसानं तशी मांडणी लिहून नेटवर ठेवली होती. बाईंनी तिचं पॅकेज बांधलं, म्हणजे कुणीही आपल्या मशीनवर सहज चढवावा असा तयार गठ्ठा, आणि लिनक्सच्या एका डिस्ट्रिब्युशननं, म्हणजे असे गठ्ठे एकत्र करून जगभर वाटणाऱ्या मंडळींनी, तो घेतला. तिथे प्रत्येक गठ्ठ्याला एक सांभाळणारा असतो, बिनपगारी. आमच्या गठ्ठ्यापुढे बाईंचं नाव होतं. कोर्टाबाहेर अर्ज टाइप करून देणारे त्यांचे जुने विद्यार्थी त्याच कळांवर पोट भरत. त्यातल्या कितीकांना हे ठाऊकही नव्हतं.

हे काम गिटमध्ये चालतं. कुणी काय बदललं, कधी आणि का, सगळं तिथे कायमचं राहतं. चुकलं तर उलटा बदल करायचा, पण चूकही तशीच दिसत राहते. बाई पहिल्यांदा ते बघून म्हणाल्या, "हे कुणातरी शहाण्यानं केलंय हो!" इतकं कौतुक आमच्या वाट्याला कधी आलं नाही.

गठ्ठ्यातल्या बारीकसारीक दुरुस्त्या बाईंनी माझ्याकडे दिल्या होत्या, त्या घेऊन रविवारी मी एस.टी.नं त्यांच्याकडे जायचो. त्या तळलेले गरे पुढ्यात ठेवायच्या आणि माझं काम परत करायच्या. मूळ लेखकाच्या फायलीत मी हात घातलेला त्यांना खपायचा नाही. "दुसऱ्याच्या कापडावर शाई सांडू नको. आपलं ठिगळ वेगळं ठेव, उद्या काढता आलं पाहिजे." एका बदलात दोन गोष्टी केल्या तर, "यात दोन कामं आहेत. वेगळी कर." आणि बदलाखाली नुसतं 'दुरुस्ती' लिहिलं की संपलंच. "काय केलंस ते दिसतंय मला. का केलंस ते लिही." मी वैतागायचो. एकदा तर म्हणालो, बाई, पगार कोण देतोय आपल्याला? त्यांनी गऱ्यांची ताटली उचलून आत नेली.

मग त्यांच्या हातांना कंप सुटला. ज्या बोटांकडे बघून आम्ही शिकलो ती कळेवर ठरेनात. नेमकी तेव्हाच डिस्ट्रिब्युशनची नवी आवृत्ती येऊ घातली आणि तिच्यात आमची जोडाक्षरं फुटायला लागली. दुरुस्ती मुदतीत गेली नाही तर पॅकेज वगळणार, असं पत्र आलं. म्हणजे कोर्टाबाहेरच्यांनी मशीन नवी केली की त्यांच्या कळाच गेल्या. मी म्हटलं, "बाई, मी करतो आणि तुमच्या नावानं पाठवतो. कुणाला कळतंय?"

"मला कळेल ना," त्या म्हणाल्या. "हात तुझा आणि नाव माझं? खोडरबरच झालं की ते."

दुरुस्ती माझ्या नावानं गेली, वेळेत गेली. त्यानंतर बाईंनी मला उठवलं, खुर्चीत स्वतः बसल्या आणि एका बोटानं, थांबत थांबत, सांभाळणाऱ्याच्या जागेवरचं आपलं नाव काढून माझं घातलं. खाली कारण लिहिलं: हात कापतात, काम होत नाही. मी म्हटलं, "अहो, जरा बरं लिहा की. इतकी वर्षं सांभाळलंत." तर म्हणाल्या, "बरं कशाला? खरं लिहायचं." मला रडू आवरेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, बदल नीट गेला की नाही ते बघत बसल्या.

मार्गशीर्षात बाई गेल्या. तेराव्याला कोर्टाबाहेरचे सगळे आले होते.

थोड्याच दिवसांनी त्यांच्यापैकी एकाचा फोन आला, 'ळ' उमटत नाही म्हणून. मी दुरुस्त केलं, बदल तयार केला, पाठवायच्या आधी सवयीनं वाचून बघितला. यात दोन कामं होती. एक 'ळ'चं. दुसरं, माझ्या नावाशेजारी मी बाईंचं नाव पुन्हा घातलं होतं.

वेगळी केली. पहिल्याचं कारण लिहिलं, ते गेलं. मग दुसऱ्याचं कारण लिहायला बसलो. सन्मान म्हणून, असं लिहिलं आणि काढलं, कारण ते बरं होतं, खरं नव्हतं. खरं एवढंच की मला बाई हव्या होत्या. ते कारण पॅकेजचं नव्हे.

तो बदल मी पाठवला नाही.